विणाई खात्याबाहेरची कविता

कामगार दिन आला की नारायण सुर्व्यांच्या दोन-तीन कविता व्यासपीठावर म्हटल्या जातात, टाळ्या पडतात आणि पुस्तक वर्षभरासाठी मिटतं. 'कामगार कवी' हे बिरुद चिकटवून आपण त्यांना लहान केलं आहे. रस्त्यावर सापडलेलं हे पोर गंगाराम आणि काशीबाई सुर्वे या गिरणी कामगार जोडप्यानं वाढवलं. पुढे गिरणीत काम, शाळेत शिपाईगिरी, मग मास्तरकी. १९६२ साली 'ऐसा गा मी ब्रह्म' हा कवितासंग्रह आला. मजूर त्याआधीही मराठी कवितेत होता, पण त्याच्याबद्दल दुसराच कुणी कळवळून बोलत असे. सुर्व्यांचा कामगार स्वतः बोलतो. त्याला भाकरीची विवंचना आहे आणि मार्क्सही ठाऊक आहे. (शाहिरांनी हे डफावर कधीच केलं होतं, छापील कवितेला उशीर झाला.)

पण कामगार म्हणून 'आम्ही' म्हणताना त्यात कोण कोण मावत होतं? गिरणीत विणाई खात्याला पगार चांगला. तिथे धोट्यात नवी कांडी भरली की धाग्याचं टोक तोंडानं ओढून घ्यावं लागे. उष्ट्या धाग्याचा विटाळ नको, म्हणून दलित कामगारांना त्या खात्यात घेत नसत. १९२८च्या गिरणी संपात बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या पुढाऱ्यांपुढे ठेवला होता. एकाच भोंग्यावर आत शिरणारी माणसं आत गेल्यावर वेगळी व्हायची.

म्हणून १९७२चा 'गोलपिठा' हा कवितासंग्रह सुर्व्यांच्या शेजारी ठेवून वाचावा, असा माझा आग्रह आहे. टॅक्सी चालवणाऱ्या नामदेव ढसाळांनी कामाठीपुऱ्याच्या आसपासची जी माणसं कवितेत आणली, ती कुठल्याच युनियनच्या पटावर नव्हती. सुर्व्यांनाही ती दिसत होती. पोराला शाळेत घालायला आलेली वेश्या त्यांच्या कवितेत मास्तरांशी बोलते, आणि ते ऐकून घेतील असा तिला भरवसा आहे. ढसाळांकडे असा भरवसा नाही, म्हणून तिथे भाषाच फाडावी लागते. वर्ग समजून घ्यायला मला या दोन्ही कविता लागतात. एकीनं भागत नाही.

१८ जानेवारी १९८२ला सुरू झालेल्या गिरणी संपानंतर मुंबईतलं गिरणगाव मोडलं. गिरण्यांच्या जागी टॉवर आले. तिथे आता झाडणारे, पहारा देणारे, जेवण पोचवणारे सगळे कंत्राटावर, आणि त्यांच्यातही कुठलं काम कुणाच्या वाट्याला येतं हे अजून जात पाहून ठरतं. त्यांच्यातले लिहिणारे संपादकांकडे कविता पाठवतील, तेव्हा 'अनुभव सच्चा, कविता कच्ची' एवढा शेरा मारून ती परत करू नये. कवीला बोलावून, शेजारी बसवून ओळीन् ओळ वाचावी.