सर्वानुमते मंजूर!

गेल्या पावसाळ्यात आमच्या समुपदेशन केंद्रात एक बाई आली. हातात नायलॉनची पिशवी, पिशवीत कागदच कागद. नवऱ्याचा औद्योगिक वसाहतीत छोटा कारखाना, प्रायव्हेट लिमिटेड. लग्नाला एकोणीस वर्षं. मारहाण नाही, दारू नाही. "मग तक्रार काय आहे तुमची?" असं आमच्यातल्याच एकीनं विचारलं आणि बाई गप्प झाली. बऱ्याच वेळानं तिनं पिशवीतून एक फॉर्म काढला. तिच्या नावावरचे शेअर दिराच्या नावावर करायचा फॉर्म. "नुसती सही मागताहेत. नाही म्हटल्यापासून बोलणं बंद केलंय."

कारखान्याच्या दहा हजार शेअरपैकी तीन हजार तिच्या नावावर होते. सहा हजार नवऱ्याचे, हजार दिराचे. तिला कशाला दिले? तर प्रायव्हेट कंपनी काढायला कायद्यानं किमान दोन सभासद आणि दोन संचालक लागतात. दुसरं माणूस कुठून आणायचं? घरात असतंच की एक, सही करणारं.

पिशवीत सभांच्या इतिवृत्तांच्या झेरॉक्स होत्या. आम्ही दोघींनी बसून वाचल्या. "दि. ३० सप्टेंबर रोजी सकाळी ११ वाजता कंपनीच्या नोंदणीकृत कार्यालयात वार्षिक सर्वसाधारण सभा झाली. उपस्थित सभासद तीन. अध्यक्षांनी सर्वांचे स्वागत केले. हिशेब सर्वानुमते मंजूर. लेखापरीक्षकांची नेमणूक सर्वानुमते मंजूर." नोंदणीकृत कार्यालय म्हणजे तिचंच घर. "म्हणजे ही सभा माझ्याच बैठकीच्या खोलीत झाली?" ती म्हणाली. "अकराला मी कुकर लावत असते हो." सात वर्षांच्या सात सभा, सातही कागदावर. आणि प्रत्येक सभेत ही हजर, हिचं मत बाजूनं.

मैत्रिणींनो, पुरुषप्रधान व्यवस्थेला बाईचं नाव कधीच टोचत नाही. करासाठी चालतं, कर्जासाठी चालतं, आरक्षित जागेसाठी तर हवंच असतं. टोचतं ते तिचं मत. १९९३ नंतर पंचायतीत बायका आल्या तेव्हा 'सरपंचपती'वर आपण किती लिहिलं, किती शिबिरं घेतली! मग या 'भागधारकपती'वर आपण एक अक्षर का लिहिलं नाही? बापाच्या मालमत्तेत मुलीला मुलाबरोबरीचा हक्क महाराष्ट्रानं १९९४ साली दिला, देशानं २००५ साली. सातबाऱ्यावर नाव लावा, घरावर नाव लावा, असं आपण गावोगाव सांगितलं, आणि ते बरोबरच होतं. पण नाव लागलं की मतही लागतं, हे आपण गृहीत धरून बसलो.

कंपनीतलं मत असतं तरी कसं? गावात माणशी एक मत, कंपनीत शेअरमागे एक मत. वर्षातून एकदा सभा घ्यावीच लागते. तिथे वर्षाचा हिशेब, लाभांश, संचालक आणि लेखापरीक्षक यांचे ठराव येतात. साध्या ठरावाला विरोधापेक्षा एक मत जास्त असलं की झालं. कंपनीची नियमावली बदलण्यासारख्या मोठ्या गोष्टीला विशेष ठराव लागतो. त्यात बाजूची मतं विरोधी मतांच्या निदान तिप्पट हवीत. लहान कंपनीत आधी हात वर करून मत घेतात, तेव्हा एका माणसाचा एकच हात मोजला जातो. पण ज्याच्याकडे एकदशांश मतं आहेत तो शेअरप्रमाणे मतमोजणी मागू शकतो. म्हणजे हात मोजले जातात तोवर नवरा-बायको बरोबरीचे. हात पुरेनासे झाले की नवरा म्हणतो, आता शेअर मोजा.

शेअर दोघांच्या नावावर असले तर आणखी गंमत. कायद्याच्या परिशिष्टात नमुना नियमावली दिली आहे, पुष्कळ कंपन्या तीच उचलतात. तिच्यात म्हटलंय की संयुक्त धारकांपैकी 'ज्येष्ठा'नं मत दिलं की बाकीच्यांचं मोजायचं नाही. ज्येष्ठ कोण? वयानं मोठं ते नव्हे. रजिस्टरमध्ये ज्याचं नाव आधी, ते. आता आपल्या घरात आधी कुणाचं नाव लिहितात, हे मी सांगायला नको. बाईनं आपल्या वतीनं प्रॉक्सी पाठवला तर त्या प्रॉक्सीला सभेत बोलायचा हक्क नाही. शेअर बाजारातल्या कंपन्यांत तर हात वर करणं संपलंच. तिथे सभेच्या आधी निदान तीन दिवस इलेक्ट्रॉनिक मतदान चालतं. मत मोबाईलवर येणाऱ्या आकड्यांवर द्यायचं. खात्याला मोबाईल नंबर नवऱ्याचा आणि ई-मेल मुलाचा असेल, तर बाईचं मत कुठे पडलं हे बाईलाही कळत नाही.

"हे श्रीमंत बायकांचे चोचले आहेत" असं आमच्याच एका बैठकीत ऐकलं. त्या मैत्रिणीला चेन्नईची गोष्ट सांगायला हवी. मुरुगप्पा समूह १९०० सालापासूनचा. त्या घरातले एम. व्ही. मुरुगप्पन २०१७ साली वारले. मागे पत्नी आणि दोन मुली. समूहाच्या मुख्य धारक कंपनीत, अंबाडी इन्व्हेस्टमेंट्समध्ये, या तिघींकडे मिळून ८.१५ टक्के शेअर. थोरली मुलगी वल्ली अरुणाचलम, अणू अभियांत्रिकीतली डॉक्टरेट. तिनं संचालक मंडळावर जागा मागितली. सप्टेंबर २०२० च्या वार्षिक सभेत ठराव आला आणि ९१.३६ टक्के मतं विरोधात पडली. म्हणजे तिघींची मतं सोडली तर बाजूनं जवळजवळ कुणीच नाही. आपण बाई म्हणून आपल्याला नाकारलं, असं तिनं जाहीरपणे सांगितलं. पुढे २०२३ साली घरात तडजोड झाली.

यात मला खुपतं ते हे की नियम एकही मोडला गेला नाही. ठराव नीट मांडला, मतं नीट मोजली. बापाचे शेअर वारसानं आले, पण बापाची खुर्ची मागायला गेल्यावर मतं मोजली गेली, आणि मतं पिढ्यान् पिढ्या पुरुषांकडे साठलेली. पैसा साठत गेला तशी मतंही साठत गेली. अशा ठिकाणी 'लोकशाही पद्धतीनं निर्णय झाला' हे शब्द वापरायला माझी जीभ रेटत नाही.

सरकारचं उत्तर काय? शेअर बाजारातल्या प्रत्येक कंपनीत आणि इतर मोठ्या सार्वजनिक कंपन्यांत निदान एक स्त्री संचालक. हा नियम २०१४ पासून आहे. मग कित्येक कंपन्यांनी मालकाची बायको, बहीण, वहिनी बसवून टाकली. पुढे सेबीला सांगावं लागलं की मोठ्या पाचशे कंपन्यांत २०१९ पासून स्वतंत्र स्त्री संचालक हवी. बघा हं, स्वतःच्या शेअरच्या जोरावर खुर्ची मागणारी बाई नको, पण मालकानं बोट धरून बसवलेली चालते! आणि या संचालिकेला निवडतं कोण? तीच सभा, तीच मतं.

आता गरीब बायकांचं. शेतकरी उत्पादक कंपनी हीसुद्धा कंपनी कायद्याखालचीच कंपनी आहे, आणि सभासद व्यक्ती असतील तर तिथे शेअर कितीही असोत, माणशी एकच मत. म्हणजे शेअरमागे मत ही काही निसर्गाची आज्ञा नव्हे, त्याच कायद्यात दुसरी रीतही लिहून ठेवली आहे. पण सभासद व्हायला गेलं की सातबारा मागतात, आणि सातबारा नवऱ्याचा. खुरपणी तिची, सभासदत्व त्याचं. गणपूर्तीला एकचतुर्थांश सभासद लागतात. मी एका सभेला गेले होते, तिथे बायकांना ट्रॅक्टरमधून आणलं होतं. नोंदवहीत अंगठे घेतले, चहा दिला आणि ठराव वाचण्याआधीच ट्रॅक्टर परत निघाला. याला चोचले म्हणायचं?

आमच्या केंद्रातल्या त्या बाईनं सही केली नाही. तिनं रजिस्टर पोस्टानं कंपनीला, म्हणजे स्वतःच्याच घरच्या पत्त्यावर, पत्र पाठवलं. सर्वसाधारण सभेची इतिवृत्तं सभासदाला फुकट बघता येतात आणि फी भरून मागितली तर सात कामाच्या दिवसांत नक्कल द्यावी लागते. सभेची नोटीस एकवीस दिवस आधी हवी, कंपनीच्या नियमावलीत वेगळं काही नसेल तर. पत्र पोस्टमननं सासूच्या हातात दिलं. त्या दिवशी घरात काय झालं ते लिहीत नाही. नवरा केंद्रात येऊन आमच्यावर ओरडून गेला, की तुम्ही चांगली चाललेली घरं फोडता.

त्या वर्षी सभा खरोखर भरली, चार्टर्ड अकाउंटंटच्या ऑफिसात. ती पंजाबी ड्रेस घालून एकटी गेली. हिशेबाच्या ठरावाला तिनं नाही म्हटलं. तरी तो मंजूर झाला, सत्तर विरुद्ध तीस. मग नियमावली बदलायचा ठराव आला. पुन्हा सत्तर विरुद्ध तीस. पण तो विशेष ठराव. तिसाच्या तिप्पट नव्वद, आणि नव्वद त्यांच्याकडे नव्हते. अकाउंटंटनं दोनदा मोजलं म्हणे. ठराव पडला. इतिवृत्तात 'सर्वानुमते' हा शब्द त्या वर्षी नाही.

घरी अजून अबोला आहे. ती संचालकही आहे, आणि आजवर कुठल्या कर्जाच्या कागदांवर तिनं सह्या केल्या ते आम्ही वकीलताईंबरोबर अजून शोधतोच आहोत. त्यात तिच्या विरोधात काय निघेल, सांगता येत नाही.

केंद्रात नवी बाई आली की आम्ही एक फॉर्म भरून घेतो. घर कुणाच्या नावावर, जमीन, दागिने कुणाकडे, बँकेत खातं आहे का. त्याखाली आम्ही आता पेनानं दोन ओळी वाढवल्या आहेत. 'कुठल्या कंपनीत, सोसायटीत, उत्पादक कंपनीत तुमचं नाव आहे का? शेवटच्या सभेला तुम्ही स्वतः गेला होतात का?' पहिल्या ओळीला बायका बहुतेक "विचारून सांगते" म्हणतात.