कायद्याने हलकी, बाजारात भारी
सदर : मोलभाव | मुकुटबनकर

इटलीत १९८५ च्या हंगामात बनलेल्या एका तांबड्या वाईनला रॉबर्ट पार्कर या अमेरिकी परीक्षकाने शंभरपैकी शंभर गुण दिले. त्या बाटलीच्या लेबलवर मात्र इटलीच्या कायद्याप्रमाणे ‘विनो दा ताव्होला’ असंच छापावं लागत होतं. म्हणजे जेवणासोबतची साधी वाईन, सरकारी उतरंडीतली अगदी शेवटची पायरी. वाईनचं नाव सासिकाया. आज युरोपातल्या दुकानात तिच्या पाऊण लिटरच्या एका बाटलीला दोनशे युरोच्या वर मोजावे लागतात. २०२५-२६ च्या हंगामात लांब धाग्याच्या कापसाचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये होता. हिशेब तुम्हीच करा : दोन क्विंटल कापूस घातला तरी ती बाटली येत नाही. आपल्याकडे आयात वाईनवर वर्षानुवर्षे १५० टक्के सीमाशुल्क राहिलं आहे, तो भार धरला तर कापसाची आणखी पोती लागतील.

या सदरात तूर, हरभरा, कापूस सोडून इटलीची दारू कुठून आली, असं कोणी विचारेल. भाव कसा ठरतो आणि कोण ठरवतो, हेच आपण दर आठवड्याला पाहतो. त्या प्रश्नावर या बाटलीइतकं चांगलं उदाहरण माझ्या पाहण्यात नाही.

तिचा मालक मारिओ इनचिझा देल्ला रोक्केत्ता हा जमीनदार. घोड्यांचा शौकीन. सोळा शर्यती धावून सोळाही जिंकणारा रिबो हा घोडा ज्या तबेल्याचा, त्या तबेल्याचा हा भागीदार. तस्कनीच्या किनाऱ्यावर बोल्गेरी गावाजवळची सान ग्विदोची जमीन त्याच्या बायकोच्या माहेरची. त्या मुलखात वाईन म्हणजे सांजोव्हेझे द्राक्षाची, हे ठरलेलं. याला मात्र फ्रान्सच्या बोर्दोची चव लागलेली. बोर्दोतल्या ग्राव्ह भागात जमीन गोट्यांनी भरलेली असते, आणि आपलीही तशीच आहे, एवढं त्याने हेरलं. पिसाजवळच्या एका इस्टेटीतून कॅबर्ने द्राक्षाच्या काड्या आणल्या आणि १९४४ साली, ऐन महायुद्धात, डोंगरावरच्या तुकड्यात लावल्या.

कॅबर्ने सोव्हिन्यों हे खायचं द्राक्ष नव्हे. आपल्या बाजारात येणाऱ्या थॉमसनसारखं लांबट, पाणीदार, बिनबियांचं काही त्यात नाही. मणी बारीक, निळाकाळा, साल जाड, आत बी मोठी आणि गर थोडा. तोंडात टाकलं तर आधी गोड लागतं, मग सालीचा तुरटपणा जिभेला धरतो. तांबड्या वाईनचा रंग, कस आणि टिकण्याची ताकद त्या सालीतूनच येते. पण तोच तुरटपणा ताज्या वाईनमध्ये सोसवत नाही. मारिओच्या पहिल्या वाईनला घरच्यांनी आणि मित्रांनी नाकं मुरडली. त्याने बाटल्या तळघरात ठेवून दिल्या. काही वर्षांनी उघडल्या तेव्हा कडवटपणा निवळला होता. १९४८ पासून जवळजवळ वीस वर्षं ही वाईन घरात आणि गोतावळ्यातच संपली. बाजारात आली ती १९६८ च्या हंगामाची. मुलगा निकोलो आणि भाचा पिएरो आंतिनोरी यांनी आग्रह धरला, जाकोमो ताकिस या जाणकाराने कृती नेटकी केली. १९७८ साली लंडनच्या ‘डिकँटर’ मासिकाने जगभरातल्या कॅबर्ने वाईन झाकून चाखायला ठेवल्या, त्यात १९७२ ची सासिकाया पहिली आली.

चहाच्या टपरीवर हे सांगत होतो. एक कास्तकार मधेच म्हणाला, “म्हंजे भाऊ, वीस वर्सं त्यानं इकलीच नाई?” नाही विकली. “मंग खाल्लं काय?”

प्रश्न अगदी बरोबर आहे, आणि या कहाणीची खरी नस तोच पकडतो. त्याच्याकडे घोडे होते, जमीन होती, वाईन विकल्याशिवाय चूल पेटत होती. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या मुकुटबनच्या कापूसवाल्याकडे थांबायला काय आहे? बोंड फुटलं की वेचाईचे पैसे हातात लागतात, कृषी केंद्राची उधारी उभी असते, घरात कापूस ठेवला तर वजन घटतं. तो गाडी भरून नेतो आणि ओलावा मोजणारा जो आकडा सांगेल तो ऐकून परत येतो. मारिओचा भाव मारिओने ठरवला. आपला भाव काट्यावर दुसराच कोणी ठरवतो. चवीचं, जातीचं, जमिनीचं कौतुक त्यानंतर.

जमिनीचं म्हणाल तर दगड आपल्याकडेही आहे. मुकुटबनच्या पोटात चुनखडी आहे, म्हणून तर २०२२ साली इथे वर्षाला ३९ लाख टन क्षमतेचा सिमेंट कारखाना चालू झाला. पण वर काळी कापसाची माती, पावसाळाभर पाणी धरून बसणारी. वाईनच्या द्राक्षाला मुळाशी पाणी थांबलेलं चालत नाही, उलट वेलीला थोडा उपास घडवावा लागतो. त्यावर आपला मे महिना. आमच्या झरी-जामणी तालुक्यात कॅबर्ने लावा, असं कोणी सांगत आला तर त्याला चहा पाजून माजरी-आदिलाबाद गाडीत बसवून द्यावं.

महाराष्ट्रात इटलीकरांच्या साथीने कॅबर्ने लागली ती अकलूजला. सोलापूर जिल्ह्यातला उसाचा मुलूख. तिथले मोहिते-पाटील बंधू, दिल्लीचे सेखरी बंधू आणि इटलीचे सेक्की बंधू यांनी मिळून ‘फ्रातेल्ली’ काढली आणि तस्कनीचा पिएरो मासी वाईन बनवायला आणला. बंधू सहा, मासी सातवा, म्हणून त्यांच्या वरच्या दर्जाच्या वाईनचं नाव ‘सेट्टे’, सात. तीत कॅबर्ने आणि सांजोव्हेझे एकत्र. बोल्गेरीत वेल हिवाळ्यात झोपते आणि सप्टेंबरच्या आसपास तोडणी होते. आपल्याकडे वेल झोपतच नाही. एप्रिलची खरड छाटणी, मग पावसाळ्यानंतरची दुसरी छाटणी, आणि तोडणी फेब्रुवारी-मार्चला, उन्हाचा चटका बसायच्या आधी. त्या हवामानात कॅबर्ने पिकवणं हे कसब आहे, त्याला मान दिलाच पाहिजे. पण हे नाशिक, सांगली, सोलापूरचं गणित.

म्हणून २०२२ च्या जानेवारीत राज्य मंत्रिमंडळाने सुपरमार्केटात वाईन विकायला परवानगी देण्याचं ठरवलं आणि ‘शेतकऱ्याचं भलं होईल’ असं सांगितलं, तेव्हा मला प्रश्न पडला : कोणत्या शेतकऱ्याचं? अण्णा हजारे उपोषणाला निघाले, विरोधकांनी ‘मद्यराष्ट्र’ म्हणून गदारोळ केला, निर्णय हरकती-सूचनांच्या फायलीत अडकला. दोन्ही बाजूंच्या भाषणांत द्राक्षाबाहेरचा शेतकरी कुठेच नव्हता.

आमच्या भागाचं द्राक्ष म्हणजे मोह. मार्च-एप्रिलच्या पहाटे, उजाडायच्या आधी, कोलाम आणि गोंड बाया टोपल्या घेऊन झाडाखाली असतात. रात्रभर गळलेली फुलं फिकट पिवळी, मांसल, बोटात धरली की चिकट रस लागतो. वास इतका गोड की डोकं जड होतं. अंगणात वाळली की तपकिरी होऊन मनुक्यासारखी आकसतात. हीच फुलं व्यापारी गोणीने घेतो, भाव तोच ठरवतो. आणि १९४९ च्या दारूबंदी कायद्यात या फुलांसाठी स्वतंत्र कलमं घातली गेली. द्राक्षाच्या गोणीवर कायद्याने कधी संशय घेतला नाही, मोहाच्या गोणीवर घेतला.

इटलीच्या कायद्यानेही हेच केलं होतं. बोल्गेरीला १९८३ साली दर्जाचा शिक्का मिळाला तो पांढऱ्या आणि गुलाबी वाईनपुरता. तांबडी सासिकाया वर्षानुवर्षे शेवटच्या पायरीवरच. जगाने डोक्यावर घेतल्यानंतर १९९४ साली कायद्याने जागा करून दिली, आणि २०१३ पासून तिला स्वतंत्र दर्जा आहे. एकाच इस्टेटीच्या वाईनसाठी वेगळं नियमपुस्तक! चूक कळली की कायदा बदलता येतो. गोव्याने फेणीला २००९ साली भौगोलिक मानांकन मिळवून दिलं, २०१६ साली वारसा पेय ठरवलं. मध्य प्रदेशाने मोहाच्या दारूसाठी वारसा मद्याचं धोरण आणलं. महाराष्ट्रानेही २०२२ साली मोहफुलं, काजूबोंडं यांच्या मद्याला देशी दारूच्या रांगेतून काढलं, आणि बसवलं कुठे तर विदेशी मद्यात. कर-परवान्याच्या सोयीसाठी असेल, पण झरीच्या जंगलातलं फूल विदेशी व्हावं, ही सरकारी कल्पकता दाद द्यावी अशीच.

इथे यवतमाळच्या बाया मला अडवतील, आणि त्यांनी अडवावंच. या जिल्ह्यात दारूबंदीसाठी बाया वर्षानुवर्षे मोर्चे काढत आल्या आहेत. शेजारी वर्धा आणि गडचिरोलीत बंदी आहे, चंद्रपुरात २०१५ ते २०२१ होती, आणि त्या सहा वर्षांत आमच्या वणीकडून नदीपार चंद्रपुरात काय जात होतं हे सगळ्यांना ठाऊक आहे. घरात दारू शिरली की काय होतं हे त्यांनी सोसलंय, मी नाही. त्यांना बोल्गेरीच्या गोष्टी सांगून मी गप्प करू शकत नाही.

तरी एक गोष्ट त्यांच्यापुढेच ठेवतो. मोह आजही गाळला जातो, फक्त त्याचा पैसा फूल वेचणारीपर्यंत पोचत नाही. वनहक्क कायद्याने गौण वनोपजावर ग्रामसभेचा हक्क मानला आहे. मग मोहाच्या मद्याचा परवाना दिला जाईल तेव्हा तो कारखानदाराच्या नावे निघणार की ग्रामसभेच्या? फुलं सहा महिने कोरडी ठेवायला गोदाम आणि तेवढे दिवस बायांच्या हाती उचल, एवढं मिळालं तरी व्यापाऱ्याचा काटा पहिल्याच दिवशी निमूट मानावा लागणार नाही. आणि गाळायचं की नाही, हे त्याच ग्रामसभेत त्याच बायांनी मतदान करून ठरवावं. त्यांनी नाही म्हटलं तर फुलांचे लाडू आणि सरबत विकावं, मला चालेल.