मोठेपणी कोण होणार? : प्रतिवादीचे वकील

दोस्तांनो, ‘शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये’ ही म्हण तुम्ही आजोबांच्या तोंडून ऐकली असेल. पण दुसऱ्याने आपल्यावर दावा लावला तर? मग शहाण्यालाही ती पायरी चढावीच लागते! अशा वेळी सोबत असतात प्रतिवादीचे वकील. दावा लावणारा तो वादी आणि ज्याच्यावर दावा लागला तो प्रतिवादी, बरं का!

खून-चोरीचे खटले फौजदारी. घर, शेत, पैसा, करार यांचे तंटे दिवाणी. दिवाणी दावा हरला म्हणून सहसा कुणी तुरुंगात जात नाही, पण राहतं घर मात्र जाऊ शकतं.

समजा, सोलापुरातल्या एका टॉवेल कारखानदारावर व्यापाऱ्याने दावा लावला. ‘दोन लाख आगाऊ दिले, माल आलाच नाही!’ कोर्टाचा बेलिफ समन्स घेऊन दारात येतो. घरचे सगळे घाबरतात. कुणी म्हणतं, कागद फडताळात ठेवून द्या. तसं मुळीच करायचं नाही! समन्स मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी उत्तर द्यायचं असतं. त्याला म्हणतात कैफियत. कारण पटलं तर कोर्ट ९० दिवसांपर्यंत मुदत देऊ शकतं. कुणी हजरच झालं नाही, तर दावा एकतर्फी चालतो.

कैफियत लिहिताना वकील वादीचं एकेक वाक्य तपासतात. जे खोटं आहे ते स्पष्ट नाकारावं लागतं, नाहीतर ते कबूल आहे असं कोर्ट धरू शकतं. मग न्यायाधीश वादाचे मुद्दे काढतात. वादीची साक्ष बहुधा शपथपत्रावर लिहूनच येते. त्यानंतर आपले वकील उभे राहतात उलटतपासाला.

सिनेमातल्यासारखा आरडाओरडा इथे नसतो. ‘माल मिळाला नाही म्हणता, मग पुढच्याच महिन्यात दुसरी ऑर्डर कशी दिली?’ एवढा एक शांत प्रश्नही पुरतो. पण तो सुचायला आदल्या रात्री बिलं, पावत्या, ट्रकच्या बिल्ट्या वाचलेल्या असाव्या लागतात. सोलापुरात मराठीबरोबर तेलुगू-कन्नड बोलणारी घरंही खूप. माणसांची भाषा कळणारा वकील इथे लवकर जवळचा वाटतो.

आणि चूक आपल्याच अशिलाची असेल तर? खोटी साक्ष उभी करायची नाही, हा या पेशाचा नियम आहे. चांगला वकील सरळ सांगतो, ‘भाऊ, तडजोड करा.’ लोकअदालतीत तंटा मिटला तर भरलेली कोर्ट फी परत मिळते आणि त्या निवाड्यावर अपीलही नसतं. वर्षानुवर्षांच्या तारखा वाचतात!

सोलापूरच्या मुलांना एक नाव ठाऊक हवंच. उदय उमेश ललित यांचा जन्म ९ नोव्हेंबर १९५७ रोजी सोलापुरात झाला. आजोबा रंगनाथ ललित इथेच वकिली करत. उदय ललित यांनी १९८३ साली सनद घेतली. त्यांचं नाव गाजलं ते फौजदारी खटल्यांत. २०१४ मध्ये ते वकिलीतून थेट सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि २०२२ मध्ये देशाचे ४९ वे सरन्यायाधीश! सनद ते सर्वोच्च न्यायालयाचं न्यायासन, मध्ये एकतीस वर्षं. या पेशात घाई चालत नाही, ती अशी.

तुम्हाला हे काम आवडेल? बारावीनंतर पाच वर्षांचा किंवा पदवीनंतर तीन वर्षांचा कायद्याचा अभ्यासक्रम असतो. त्यासाठी प्रवेश परीक्षा द्यावी लागते. सोलापुरात दयानंद विधी महाविद्यालय आहे. पुढे बार कौन्सिलची सनद आणि अखिल भारतीय परीक्षा. मग ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली उमेदवारी. सुरुवातीची काही वर्षं कमाई बेताचीच, हे आईबाबांनीही लक्षात ठेवावं. पूर्वी सोलापूरकरांना उच्च न्यायालयासाठी मुंबई गाठावी लागे. १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापुरात सर्किट बेंचचं कामकाज सुरू झालं आणि ते अंतर कमी झालं.

तयारी मात्र आजपासून करता येईल. दोघा मित्रांचं भांडण झालं की आधी दोघांचंही पूर्ण ऐकून घ्या. मगच बोला. जमतंय का पाहा!