इतिहासाची थट्टा

इतिहासाची टर उडविणारे विनोदी चित्रपट मुलांनीं पाहावे कीं नाहीं, ह्या प्रश्नावर घरोघरीं मतभेद दिसून येतो. ज्या राजांच्या सनावळ्या वर्गांत घोकावयाच्या, तेच राजे पडद्यावर पाय घसरून चिखलांत पडतांना पाहिले, म्हणजे मुलांच्या मनांतील इतिहासाविषयींचा आदर नाहींसा होईल, अशी पुष्कळ पालकांस भीति वाटते. ही भीति अगदींच अनाठायीं आहे असें आम्ही म्हणत नाहीं. परंतु ती पुरती खरीही नाहीं, असें आमचें नम्र मत आहे.

असले चित्रपट वर्षानुवर्षें टिकतात कां, हें प्रथम पाहूं. १९१६ सालीं ग्रिफिथ ह्या अमेरिकन दिग्दर्शकानें ‘इन्टॉलरन्स’ नांवाचा एक भव्य मूकपट काढला. प्राचीन बाबिलोनपासून आधुनिक काळापर्यंतच्या चार कथा त्यांत एकमेकींत गुंफलेल्या होत्या. १९२३ सालीं बस्टर कीटन ह्या विनोदी नटानें ‘थ्री एजेस’ ह्या चित्रपटांत त्याच मांडणीचें विडंबन केलें. अश्मयुग, रोमन युग आणि आधुनिक युग, तिन्ही काळीं एकच गरीब प्रियकर एकाच तरुणीसाठीं धडपडतो. रोममध्यें रथांची शर्यत ठरते, नेमका त्याच दिवशीं बर्फ पडतो, आणि हा वीर घोड्यांऐवजीं कुत्रे जुंपून येतो! एक कुत्रा लंगडूं लागतांच, मोटारीचें जादा चाक काढावें तसा मागच्या पेटींतून तो दुसरा कुत्रा काढतो. ह्यांत रोमची निंदा कोठें आहे? हंसूं येतें तें, इतिहास सांगतांना आपण जो भपका करतों त्याचें. पोशाख बदलले, तरी पोशाखांतला माणूस तोच, हेंच ह्या हास्याचें मर्म होय. संस्कृत नाटकांतील विदूषक राजाच्या शेजारीं बसून त्याची थट्टा करीत असे, आणि आमच्या तमाशांतील सोंगाड्यानेंही राजास कधीं सोडलें नाहीं. तेवढ्यानें कोणाचें सिंहासन कोसळल्याचें ऐकिवांत नाहीं.

दुसरें असें कीं, ही थट्टा अडाण्याचें काम नव्हे. १९७५ सालीं निघालेल्या ‘मॉन्टी पायथन अँड द होली ग्रेल’ ह्या इंग्रजी चित्रपटांत आर्थर राजा घोड्यावांचूनच दौडत येतो, आणि मागून त्याचा सेवक नारळाच्या करवंट्या वाजवून टापांचा आवाज काढतो. ह्या चित्रपटाच्या दोघां दिग्दर्शकांपैकीं टेरी जोन्स हे ऑक्सफर्ड विद्यापीठांत शिकलेले. त्यांनीं पुढें १९८० सालीं चॉसर कवीच्या काव्यांतील सरदारावर एक अभ्यासपूर्ण ग्रंथही लिहिला. ज्याला विषय ठाऊक, त्यालाच त्याची नक्कल साधते. आणि ज्याला विषय ठाऊक, तोच पोट धरून हंसतो. रोमन रथाला घोडे जुंपीत, हें ज्यास माहीत नाहीं, त्यास कुत्र्यांची गंमत काय कळणार? गुणपत्रकावांचून होणारी ही इतिहासाची परीक्षाच आहे.

तथापि, विनोदालाही मर्यादा आहे. कीटनचा ‘द जनरल’ (१९२६) हा चित्रपट अमेरिकन यादवी युद्धांतील १८६२ सालच्या एका खऱ्या आगगाडी-चोरीवर रचलेला असून, तो उत्कृष्ट म्हणून गणला जातो. परंतु ज्या गुलामगिरीपायीं तें युद्ध पेटलें, तिच्याविषयीं तो मौन पाळतो. हंसतां हंसतां एखादी गोष्ट आपल्या नजरेआड होते, ती अशी. चार्ली चॅप्लिन यांनीं १९४० सालीं ‘द ग्रेट डिक्टेटर’ ह्या बोलपटांत हिटलरची यथेच्छ टर उडविली. त्यांतील हुकूमशहा पृथ्वीचा गोल फुग्यासारखा उडवीत नाचतो, आणि अखेरीस तो फुगा त्याच्याच हातांत फुटतो. पण पुढें १९६४ सालच्या आत्मचरित्रांत चॅप्लिन यांनीं मोकळेपणानें कबूल केलें कीं, जर्मन छळछावण्यांतील खरी भीषणता आपणांस त्या वेळीं ठाऊक असती, तर आपल्या हातून तो चित्रपट झालाच नसता. अहंकारावर हंसणें योग्य. यातनांवर हंसणें शक्य नाहीं, हा भेद त्या थोर नटानें जाणला होता.

म्हणून पालकांस आमची विनंति अशी कीं, मुलांस असल्या चित्रपटांपासून दूर न ठेवितां त्यांच्याबरोबर बसून ते पाहावे. आणि विद्यार्थिमित्रांनो, चित्रपट संपल्यावर एकच प्रश्न स्वतःस विचारा: आपण हंसलों तें कोणाला? सिंहासनावर मिरविणाऱ्याला, कीं त्या सिंहासनाखालीं चिरडलेल्याला? उत्तर पहिलें असेल, तर खुशाल पुन्हां हंसा. दुसरें असेल, तर इतिहासाचें पुस्तक उघडा. आणि उत्तर सुचेनासें झालें, तरीही तेंच पुस्तक उघडा.