केदारनाथाची वाट व कंडीवाल्याची पाठ

अक्षय्यतृतीया झाली कीं आमच्या खेडोपाडीं केदारनाथाच्या गप्पा सुरू होतात. अमक्याची मोटार निघाली, तमक्याच्या गाडींत अजून चार जागा रिकाम्या आहेत, म्हाताऱ्याला एकदां देव दाखवून आण, पुण्य पदरांत पाडून घे! वेळ कोणती? तर मृगाला अजून महिना आहे, रान नांगरून पडलें आहे आणि बींखताकरितां सोसायटीकडून उचललेले पैसे घरांत खुळखुळत आहेत. वाचकहो, आम्ही स्वतः त्या वाटेनें जाऊन आलों आहोंत, म्हणून चार शब्द लिहितों. कोणाच्या भक्तीच्या आड येण्याचा आमचा हेतु नाहीं. ज्याचा देव त्याच्यापाशीं. परंतु देवाच्या वाटेवर काय काय चालतें, हें आमच्या कुणबी, माळी, धनगर, सुतार, लोहार, कुंभार बांधवांस कोणीतरी उघड्या डोळ्यांनीं पाहून सांगितलें पाहिजे कीं नको?

केदारनाथ उत्तराखंडांत रुद्रप्रयाग जिल्ह्यांत, समुद्रसपाटीपासून सुमारें ३,५८३ मीटर उंचीवर आहे. आपलें कळसूबाईचें शिखर १,६४६ मीटर. म्हणजे कळसूबाईवर आणखी एक कळसूबाई ठेवली तरी देवाच्या पायरीला हात लागत नाहीं. मोटार सोनप्रयागपर्यंत, तेथून जीप गौरीकुंडापर्यंत, आणि पुढें सोळा किलोमीटर पायीं चढ. २०१३ पूर्वीं ही वाट चौदा किलोमीटरांची होती. त्या वर्षींच्या पुरानें मधलें रामबाडा हें ठिकाण धुवून नेलें, आणि आतां वाट तेथें मंदाकिनी ओलांडून पलीकडच्या डोंगरानें वर जाते.

वर हवा विरळ. घरीं तीन घांस हवा मिळत असेल तर तेथें दोनच. आमच्यांतील एक धट्टाकट्टा गडी, घरीं पोतें पाठीवर टाकून माळ्यावर चढणारा, लिनचोलीच्या पुढें डोकें धरून बसला आणि ओकूं लागला. बरोबरचे म्हणाले, दृष्ट लागली. कोणी अंगारा लावला, कोणी म्हणे देव परीक्षा पाहतो, चल नेटानें. वाटेवरच्या दवाखान्यांतील डॉक्टरानें पाहिलें आणि एवढेंच सांगितलें कीं, याला खालीं न्या. खालीं नेलें तसा दोन तासांत माणूस चहा मागूं लागला. अंगाऱ्यानें जें झालें नाहीं तें उतारानें झालें. गुप्तकाशीला किंवा गौरीकुंडाला एक दिवस थांबून, अंग हवेला सरावूं देऊन मग चढावें, एवढी साधी गोष्ट आम्हांस कोणीहि सांगितली नव्हती. कां सांगतील? मोटारवाल्याला एक दिवस थांबणें परवडत नाहीं.

पैशांचीहि गोष्ट ऐका. यात्रेची सरकारी नोंदणी फुकट आहे. आम्हांकडून मात्र एका दलालानें माणशीं रक्कम उकळली आणि तीहि मोठे उपकार केल्यासारखें तोंड करून. आमच्यांत शिकलेलीं पोरें दोन होतीं. त्यांनीं फोनवर दोन बोटें चालविलीं असतीं तर तो पैसा वांचला असता. शिकून पोरगें यात्रेची नोंदणीहि करूं शकत नसेल तर त्या शिक्षणाला काय जाळायचें आहे?

आतां मुख्य गोष्टीकडे येतों. ज्याला चढवत नाहीं त्याच्याकरितां त्या वाटेवर तीन सोयी आहेत. एक खेचर. दुसरी डंडी, म्हणजे चार माणसांनीं खांद्यावर वाहावयाची खुर्ची. तिसरी कंडी. कंडी म्हणजे कामट्यांची उंच टोपली. तींत यात्रेकरूनें बसावयाचें आणि एका माणसानें पट्टा लावून ती पाठीवर घ्यावयाची. सोळा किलोमीटर चढ, थंडी, खेचरांच्या लिदीचा चिखल, आणि पाठीवर दुसरें माणूस!

आमच्याबरोबर सत्तरीची एक म्हातारी होती. तिला मुलानें कंडींत बसविलें. ती बसेना. म्हणाली, "अरे बाबा, जन्मभर मीं डोईवर हंडे वाहिले, भारे वाहिले. आतां माणसाच्या पाठीवर कशी बसूं? देव काय म्हणेल?" मुलगा म्हणाला, "आई, पैसे दिलेत." म्हातारी बसली, पण सबंध वाट तिचें तोंड उतरलेलें. दर थांब्यावर ती खालीं उतरे आणि त्या माणसाला पदरांतला गूळ देई.

तो माणूस नेपाळांतला. आम्हीं त्याला मोडक्यातोडक्या हिंदींत विचारलें, बाबा, घरीं शेत नाहीं का? म्हणाला, आहे, पण चार महिन्यांचें धान्य होतें, आठ महिने पोट दुसऱ्याच्या दारीं. ठरलेल्या मजुरींतून मधल्या माणसाला हिस्सा जातो, राहण्याजेवण्याचें जातें, उरलें तें घरीं. वाचकहो, हें बोलणें आम्हांला परकें वाटलें नाहीं. बीडकडचा ऊसतोड्या मुकादमाची उचल घेऊन बायकोपोरांसह कारखान्याच्या रानांत पालें ठोकतो, त्याची हकीकत याहून काय वेगळी आहे? देश वेगळा, बोली वेगळी, पाठ मात्र एकाच जातीची.

आणि ज्याला माणूस म्हणतां येत नाहीं त्या खेचराचे हाल तर बोलूं नयेत. २०२२ च्या हंगामांत त्या वाटेवर इतकीं खेचरें व घोडीं मेलीं कीं, त्यांना पाणी, निवारा आणि पशुवैद्य मिळावा म्हणून नैनितालच्या उच्च न्यायालयाच्या पायऱ्या चढाव्या लागल्या. त्याच वर्षीं देवळाच्या गाभाऱ्याच्या भिंती सोन्यानें मढविल्या गेल्या! २०२५ च्या मे महिन्यांत घोड्याखेचरांत साथ पसरली तेव्हां कांहीं दिवस त्यांची वाहतूक बंद ठेवावी लागली. आपण शेतकरी पोळ्याला बैलाच्या खांद्याला लोणी लावतों, त्याच्याकडून त्या दिवशीं काम घेत नाहीं. केदारची कथा तर अशी सांगतात कीं, पांडव मागें लागले तेव्हां शंकरानें बैलाचें रूप घेतलें, आणि गाभाऱ्यांत पुजतात तें त्याचें वशिंड. बैलाच्या वशिंडाला तूप चोळावयाचें आणि तेथें जाण्याकरितां मुक्या जनावराच्या पाठीचें सालटें काढावयाचें, हा कोणत्या गांवचा धर्म?

देवळासंबंधीं आणखी एक गोष्ट आमच्या वाचकांस ठाऊक नसेल. या ज्योतिर्लिंगाचा रावळ, म्हणजे मुख्य धर्माधिकारी, हा दक्षिणेकडील वीरशैव जंगम असतो, आणि प्रत्यक्ष पूजा त्यानें नेमलेले वीरशैव पुजारी करतात. गळ्यांत जानवें नव्हे, लिंग. एवढ्या थोर क्षेत्राच्या गाभाऱ्यांत परंपरेनें वीरशैवांचा मान चालत आला आहे आणि त्यामुळें हिमालय कांहीं खचला नाहीं! आमच्या गांवच्या महादेवाला गुरवाचा हात चालतो कीं नाहीं असा वाद घालणारांनीं हें लक्षांत ठेवावें. बसवेश्वरांनीं बाराव्या शतकांत कष्टालाच पूजा म्हटलें. त्या पंथाच्या पुजाऱ्याच्या दारांत कष्टाची पूजा कितपत होते, हा प्रश्न मात्र कंडीवाल्याच्या पाठीनें आमच्यापुढें उभा केला.

त्याच डोंगरांतील दुसरी हकीकत. गढवालांत लोहार, सुतार, गवंडी, ढोलदमाऊ वाजविणारे, अशा कसबी लोकांना शिल्पकार म्हणतात. हात सोन्याचे, पण सावलीचा विटाळ. यांच्या लग्नांत नवरानवरीनें डोल्यापालखींत बसून वरच्या जातींच्या गांवांवरून जावयाचें नाहीं, अशी सक्ती होती. पालखीचें लाकूड तासणारा सुतार, तिला पट्टी ठोकणारा लोहार. त्यांचीच मुलगी लग्नाच्या दिवशीं पालखींत बसली तर लाठ्या! स्वातंत्र्यापूर्वीं जयानंद भारती यांच्या पुढारीपणाखालीं या लोकांनीं डोलापालखीची चळवळ केली, मार खाल्ला आणि हक्क मिळविला. केदारच्या वाटेवर डंडी पाहिली कीं आम्हांस त्या नवरीची आठवण होते.

देऊळ मात्र पाहण्यासारखें आहे, यांत शंका नाहीं. मोठमोठे घडीव चिरे असे बसविलेले कीं पाहत राहावें. १६ आणि १७ जून २०१३ रोजीं वरचा चोराबाडी तलाव फुटला, दगडधोंड्यांचा लोंढा आला, भोंवतालची वस्ती गेली, हजारों माणसें गेलीं, आणि देऊळ उभें राहिलें. मागें एक प्रचंड शिळा येऊन अडकली, तिनें लोंढा दुभंगला. लोक तिला भीमशिळा म्हणून हात जोडतात. आम्हीहि पाहिली. पण देवानें आपलें घर राखलें म्हणणारांस आम्ही विचारतों, त्या रात्रीं धर्मशाळांत निजलेल्यांचें काय? नदीच्या पात्रांत इमारती कोणीं उठविल्या, परवाने कोणीं दिले? देऊळ पांडवांनीं बांधलें असें कोणी सांगतो, शंकराचार्यांनीं बांधलें असें कोणी. अहल्याबाई होळकरांनीं तेथें यात्रेकरूंसाठीं धर्मशाळा बांधल्याचें सांगतात. चौंडीच्या धनगराच्या लेकीचें नांव तरी लोकांच्या तोंडीं राहिलें. पण लोंढ्यापुढें न हललेले ते चिरे ज्या पाथरवटांनीं घडविले, जागा पारखली, सांधा जुळविला, त्यांचें नांव कोणा पंड्याच्या वहींत नाहीं.

आतां सरकारनें मार्च २०२५ मध्यें सोनप्रयाग ते केदारनाथ १२.९ किलोमीटरांच्या दोरवाटेस मंजुरी दिली आहे. खर्च ४,०८१ कोटी रुपये. आठनऊ तासांची वाट ३६ मिनिटांत, असें सांगतात. आम्ही या दोरवाटेच्या विरुद्ध नाहीं. माणूस माणसाच्या पाठीवरून उतरत असेल तर तें चांगलेंच. हेलिकॉप्टरांचा भरवसा तर दिसलाच आहे. १५ जून २०२५ रोजीं गौरीकुंडाजवळ एक पडलें, वैमानिकासह सातहि जण गेले, त्यांत आमच्या विदर्भाकडचे लोक होते. परंतु आमचे दोन प्रश्न आहेत. चार हजार कोटींत त्या कंडीवाल्याच्या, डंडीवाल्याच्या, खेचरवाल्याच्या आणि वाटेवर चहा विकणाऱ्या बाईच्या पोटाचा हिशेब कोणत्या रकान्यांत धरला आहे? ज्यांच्या खांद्यावर इतकीं वर्षें ही यात्रा चालली, त्यांना त्या दोरवाटेवर नोकरीचा पहिला हक्क लिहून द्यावा. आणि दुसरा प्रश्न असा कीं, सत्तरीच्या म्हाताऱ्यांना ३६ मिनिटांत त्या विरळ हवेंत नेऊन सोडलें तर छातीला सरावावयास वेळ कोठला? वर तिकीटघराइतकाच मोठा दवाखाना हवा.

आम्ही परत आलों तेव्हां म्हातारीच्या दारीं रीतीप्रमाणें आयाबाया जमल्या. केदारची वाट केलेली म्हणून पायां पडूं लागल्या. म्हातारीनें पाय आंखडून घेतले. म्हणाली, "बायांनो, मी चालून गेलें नाहीं. जो चालला तो तिकडेच राहिला, त्याच्या पायां पडा." मग मुलाकडे वळून तिनें विचारलें, "बाजरीचें बीं आणलें का रे? कीं तेंहि देवाला दिलें?"

मुलगा कांहीं बोलला नाहीं. बीं त्यानें पुढल्या आठवड्यांत उधारीवर आणलें.