मालिश हवी, पण रिक्त पदे भरण्याच्या बदल्यात नको



परिचारिका आणि निवासी डॉक्टरांच्या ताणावर सुगंधी तेलाची मालिश हा उपाय हल्ली सुचवला जातो. तो थट्टेवारी नेण्यासारखा नाही. मात्र त्याच्या बाजूचा पुरावा अर्धाच वाचला जातो. ऑस्ट्रेलियातल्या एका आपत्कालीन विभागातील परिचारिकांचा अभ्यास 2007 मध्ये ‘जर्नल ऑफ क्लिनिकल नर्सिंग’ने छापला. उन्हाळ्यात आणि हिवाळ्यात बारा-बारा आठवडे, संगीताच्या साथीने, पंधरा-पंधरा मिनिटांच्या एकूण 365 मालिशी झाल्या. दोन्ही ऋतूंत मालिशीनंतर चिंता लक्षणीय उतरली. हा भाग सगळे सांगतात. पण बारा-बारा आठवड्यांच्या त्या दोन्ही फेऱ्यांनंतर कामाच्या ताणाच्या पातळीत फरक दिसला नाही, आजारपणाच्या रजांतही नाही. म्हणजे पंधरा मिनिटांचा आराम खरा, पण वॉर्ड होता तसाच राहिला. शिवाय तेल, स्पर्श आणि संगीत एकत्र असल्याने श्रेय नेमके कोणाचे, हे ठरत नाही. कदाचित पंधरा मिनिटे कोणी हाक मारली नाही, एवढ्यानेच बरे वाटले असेल!

कारण काहीही असो, बरे वाटले ना, असा प्रश्न येईल. तो रास्त आहे, म्हणून मालिशीला माझा विरोध नाही. रिक्त पदे भरणे शासनाच्या हाती, रुग्णालयाने निदान हातातले करावे, हा युक्तिवाद मात्र अर्धाच पटतो. ड्यूटीचे वेळापत्रक रुग्णालयातच ठरते. निवासी डॉक्टरांची ड्यूटी सर्वसाधारणपणे दिवसाला 12 आणि आठवड्याला 48 तासांपुरती असावी, असे केंद्राने 1992 मध्येच सांगितले होते. 2024 मध्ये वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यावरील राष्ट्रीय कृतिगटाने आठवड्याला कमाल 74 तासांची शिफारस केली. बत्तीस वर्षांत मर्यादेची अपेक्षाच सैल झाली. पदे कशी भरायची, हाही वादाचाच विषय आहे: मे 2022 मध्ये महाराष्ट्रातल्या सरकारी परिचारिका संपावर गेल्या, तेव्हा त्यांचा विरोध बाह्यस्रोतांमार्फत होणाऱ्या भरतीला होता.

त्यामुळे ज्या रुग्णालयाला मालिश सुरू करायची आहे, त्याने ती ड्यूटीच्या वेळातच द्यावी, ड्यूटी संपल्यावर थांबवून नव्हे. आणि तेवढा वेळ त्या परिचारिकेचे रुग्ण कोण सांभाळणार, हे आधी लेखी ठरवावे. तिथे नाव लिहायला माणूस सापडला नाही, तर पहिली गरज कशाची आहे ते व्यवस्थापनाला त्या रिकाम्या रकान्यातच दिसेल.

– एक वाचक