दोन घोड्यांची गाडी आणि हिरवे तेल

फ्रान्सच्या ग्रामीण भागात एखाद्या घराच्या आवारात अजूनही एक वेगळ्याच घडणीची छोटी मोटार उभी असलेली दिसते. दिवे बाहेर आलेले, बॉनेट पुढे उतरत गेलेले, छत गुंडाळता येणाऱ्या कापडाचे. सिट्रोएन कंपनीची ही २ सीव्ही. फ्रेंच माणूस तिला ‘दू शव्हो’, म्हणजे ‘दोन घोडे’, म्हणतो. हे घोडे इंजिनाच्या ताकदीचे नाहीत; कर आकारणीसाठी सरकारने ठरविलेल्या श्रेणीवरून हे नाव पडले. या जातीची शेवटची गाडी २७ जुलै १९९० रोजी पोर्तुगालमधील मांगुआल्दे येथील कारखान्यातून बाहेर पडली. म्हणजे त्यांतील सर्वांत धाकटीनेही तिशी केव्हाच ओलांडली आहे. तरी अनेक मालक तिची देखभाल आजही स्वतःच्या हातांनी करतात. ते शक्य होते याचे कारण तिच्या जन्मातच आहे.

१९३०च्या दशकात सिट्रोएनची सूत्रे सांभाळणाऱ्या प्येर-ज्यूल बूलांजे यांनी आपल्या अभियंत्यांपुढे एक मागणी ठेवली. लाकडी खडावा घातलेले दोन शेतकरी आणि ५० किलो बटाटे घेऊन ताशी ६० किलोमीटर वेगाने जाईल, १०० किलोमीटरला ३ लिटर पेट्रोल घेईल आणि नांगरलेल्या शेतातून गेली तरी टोपलीतील अंडी फुटणार नाहीत, अशी गाडी हवी. मध्ये महायुद्ध आले. अखेर १९४८च्या पॅरिस मोटार प्रदर्शनात ती लोकांसमोर आली, तेव्हा तिचे इंजिन ३७५ सीसीचे आणि ९ अश्वशक्तीचे होते. पत्रकारांनी तिची थट्टा केली. शेतकऱ्यांनी मात्र मागणीची रांग लावली. पुढे ३८ लाखांहून अधिक गाड्या तयार झाल्या.

गावात मेकॅनिक मिळेलच असे नाही, हे गृहीत धरूनच ही गाडी रचलेली दिसते. इंजिन दोन सिलिंडरांचे आणि वाऱ्याने थंड होणारे आहे. रेडिएटर नाही, पाण्याचा पंप नाही, पाण्याच्या नळ्या नाहीत. त्यामुळे पाणी गळण्याची किंवा उकळण्याची चिंताही नाही. सिलिंडर आणि त्यावरील हेड यांच्यामध्ये गॅस्केटसुद्धा नाही. धातूवर धातू घट्ट बसतो. ठिणगी वाटून देणारा डिस्ट्रिब्युटर नाही. दोन्ही स्पार्क प्लग एकाच वेळी पेटतात आणि त्यांतील एकाची ठिणगी दर वेळी फुकट जाते. अभियंत्यांनी ती उधळपट्टी आनंदाने पत्करली, कारण बिघडणारा एक भाग कमी झाला. मडगार्ड काही बोल्ट सोडविले की हातात येते, बॉनेट बाजूला सरकवून काढता येते आणि दारही वर उचलले की बिजागरीतून सुटते. चाकाचे नट सोडण्याचा पाना तोच इंजिन फिरविण्याचा हँडल. बॅटरी उतरली तर समोरच्या छिद्रातून तो घालायचा आणि गाडी सुरू करायची. आपल्याकडच्या जुन्या ट्रकचालकांना ही कसरत नव्याने शिकवावी लागणार नाही.

एवढे सोपे असूनही पहिल्याच मोठ्या कामात नवख्या मालकाची फजिती होते. इंजिन अडखळू लागले की संशय पॉइंट आणि कंडेन्सरवर जातो. पण हे दोन्ही भाग बसविले आहेत थंड हवेच्या पंख्याच्या मागे. पुढची जाळी काढा, पंखा काढा, मग त्या छोट्या डबीपर्यंत हात पोहोचतो. पॉइंटमधील फट ०.४ मिलिमीटर हवी. हे काम आडवे-तिडवे वाकून एकदा केले की पुष्कळजण त्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसवून मोकळे होतात. ही तडजोड समजण्यासारखी आहे. टॅपेटची फट मात्र इंजिन पूर्ण थंड असतानाच, ०.२० मिलिमीटर, फिलर गेजने पाहावी लागते. घाईने गरम इंजिनावर मोजलेली फट चुकीचीच ठरते. आणि पंखा निघालाच आहे तर त्याच्या मागे असलेला ऑइल कूलर स्वच्छ करून घ्यावा. त्याच्या पट्ट्यांत धूळ व तेल यांचा चिखल साचला, तर पाणी नसलेल्या या इंजिनाला थंडावा देणार कोण?

ग्रीसचे कामही असेच, क्षुल्लक वाटणारे. पुढच्या चाकांच्या किंगपिनना दर हजार-दीड हजार किलोमीटरला ग्रीस गनने ग्रीस द्यावे लागते. पाच मिनिटांचे काम, म्हणून नेमके तेच राहून जाते. कोरडी पडलेली पिन झिजते, चाक हलू लागते आणि मग ती दाबयंत्राने ठोकून काढून नवी बसविण्यात अख्खा दिवस जातो.

तथापि ज्या एका चुकीला क्षमा नाही, ती ब्रेकच्या तेलाची. जुन्या गाड्यांना चारही चाकांसाठी ड्रम ब्रेक होते आणि त्यांत नेहमीचे ब्रेक ऑइल चालत असे. १९८१पासून पुढे डिस्क ब्रेक आले आणि त्यांच्यासाठी सिट्रोएनने आपल्या मोठ्या गाड्यांतील हिरवे खनिज तेल, एलएचएम, वापरले. दोन्ही गाड्या बाहेरून जवळपास सारख्याच दिसतात. एखाद्या सद्हेतूने मदतीला आलेल्या शेजाऱ्याने हिरव्या तेलाच्या भांड्यात दुकानातले साधे ब्रेक ऑइल ओतले, तर त्या दिवशी काहीच बिघडत नाही. रबरी सील मात्र हळूहळू फुगतात, नरम होतात आणि ब्रेक कधी दगा देतील ते सांगता येत नाही. मग मास्टर सिलिंडरपासून कॅलिपरपर्यंत सारी रबरे बदलावी लागतात. म्हणून जाणता मालक नवी जुनी गाडी घरी आणल्यावर इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी तेलाच्या भांड्याचे झाकण उघडून रंग पाहतो.

आणि अखेरीस गंज. युरोपात हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यांवर मीठ टाकतात. २ सीव्हीची चासी पातळ पत्र्याच्या पेट्या जोडून केलेली सपाट फळी आहे. तिच्या आत शिरलेले पाणी बाहेर पडत नाही. वरून रंग चकचकीत असतो आणि आत पत्रा पापडासारखा झालेला असतो. दाराची फट सर्वत्र सारखी दिसली नाही, तर चासी मधोमध वाकू लागली असावी असे समजावे. जॅक लावताना पत्रा आत गेला, तर समजण्यासारखे फारसे उरत नाही.

येथे मालकापुढे खरा पेच उभा राहतो. ठिगळ वेल्ड करून दोन-चार वर्षे ढकलता येतात. पण अशा ठिगळाखाली पुन्हा पाणी साचते, आणि त्या गाडीत मागच्या आसनावर मुले बसणार असतात. दुसरा मार्ग म्हणजे जस्ताचा थर दिलेली नवी चासी. ती तयार मिळते, कारण या गाडीच्या चाहत्यांना सुटे भाग पुरविणारे व्यवसाय आजही युरोपात चालू आहेत. फ्रान्समध्ये ३० वर्षांहून जुन्या आणि मूळ रूप राखलेल्या गाडीची ‘संग्रहातील वाहन’ म्हणून नोंद करता येते. मग तांत्रिक तपासणी दर दोन वर्षांऐवजी पाच वर्षांनी होते. ही सवलत सोयीची खरी, पण तपासणीस जे पाच वर्षांनी पाहील ते मालकाला दरवर्षी स्वतःच पाहावे लागते, हे त्यात ओघाने आलेच.

बोल्ट सोडून देह वर उचलला जातो. जुनी चासी भंगारात निघते आणि नवीवर तेच मडगार्ड, तेच बॉनेट, आजोबांच्या काळची तीच आसने बसतात. इंजिन याआधीच एकदा बदललेले असते. तरीही घरातील माणसे तिला ‘आजोबांची गाडी’च म्हणतात आणि त्यात कुणाला काही खटकत नाही. दारे पुन्हा बिजागरीत उतरवली जातात. मालक दाराच्या वरच्या फटीवरून बोट फिरवून ती सर्वत्र सारखी आहे का ते पाहतो, मग ग्रीस गन हातात घेऊन पुढच्या चाकाशी वाकतो.